ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

माझ्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी फोन पुढे करतं आणि मग काम सांगतं. "ताई, ओटीपी आला तर तूच बघ." फोनला लॉक असलंच, तर ते चार आकडेही सांगून मोकळं होतं. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात मी ऑनलाईनचं दुकान चालवते. एक कॉम्प्युटर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, लॅमिनेशन आणि बाहेर बसायला बाकडं. समग्र आयडी, केवायसी, आयुष्मान कार्ड, स्कॉलरशिप, कॉलेजचे प्रवेश, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला अशी सगळी कामं माझ्याकडे येतात. मराठी घरांतल्या बायका मला ताई म्हणतात, लूमवाल्या मोहल्ल्यातल्या बाजी, शाळेची पोरं दीदी. विश्वास मात्र तिघांचाही सारखाच आंधळा. माझं दुकान त्याच विश्वासावर चालतं, तरी तो थोडा कमी व्हावा असं मला वाटतं. लोकांनी यावं, काम करून घ्यावं, पैसे द्यावेत. पण आपल्या खात्याची किल्ली माझ्याजवळ ठेवून जाऊ नये.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी समग्र म्हणजे काय ते सांगते. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आठ आकड्यांचा एक नंबर असतो आणि घरातल्या प्रत्येक माणसाला नऊ आकड्यांचा वेगळा. रेशन, पेन्शन, स्कॉलरशिप, कशालाही हात घाला, हा नंबर आधी लागतो. तो आधारशी जोडायचा, त्यासाठी ओटीपी द्यायचा किंवा अंगठा लावायचा. मार्च २०२३ मध्ये लाडली बहना योजनेचे फॉर्म सुरू झाले तेव्हा ही केवायसी सक्तीची होती. शिवाय बँकेत बाईचं स्वतःचं खातं हवं, नवऱ्याबरोबरचं सामायिक चालणार नाही, आणि ते आधारशी जोडलेलं हवं. १० जून २०२३ ला पहिले हजार रुपये जमा झाले. ती अट मला तेव्हाही पटली होती आणि आजही पटते. ज्यांच्या नावावर घरात काही नव्हतं, त्यांच्या नावावर निदान एक पासबुक आलं.

फोनचा विचार मात्र कुणी केला नाही. लूमवाल्या घरात स्मार्टफोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात, कारखान्यावर. केळीवाल्या घरातला पोराबरोबर पुण्याला नाहीतर सुरतेला. बाहेर रांग, आत सर्वर डाऊन, आणि फॉर्मवर मोबाईल नंबरचा चौकोन रिकामा. अशा वेळी गल्लोगल्लीच्या दुकानांत एकच तोड निघाली: दुकानदाराचाच नंबर टाका. ओटीपी लगेच येतो, रांग पुढे सरकते, बाई खूश, दुकानदार खूश. यात लबाडी असतेच असं नाही, बहुतेकदा घाईच असते. पण त्या दिवसापासून ते खातं कागदावर बाईचं आणि व्यवहारात दुकानदाराचं होतं.

याचा पत्ता लागतो तो पुढच्या वेळी. शाहपूरकडची एक मुलगी ऐन प्रवेशाच्या दिवसांत माझ्याकडे आली. तिची ई-प्रवेशवरची नोंदणी दुसऱ्या कुठल्यातरी दुकानात झाली होती. आता कॉलेजांची पसंती भरायची होती, मुदत संपत आली होती, आणि पासवर्ड तिला माहीत नव्हता. नवा पासवर्ड घ्यायचा तर ओटीपी त्या दुकानदाराच्या फोनवर. तो लग्नासाठी गावाला गेलेला, फोन लागेना. मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली, सगळे कागद फाईलमध्ये नीट लावलेले, आणि अडकली कुठे, तर सहा आकड्यांवर. शेवटी संध्याकाळी त्याचा फोन लागला, त्यानं आकडे सांगितले आणि काम झालं. मी लगेच तिच्या वडिलांचा नंबर तिथे टाकून दिला. तो माणूस सज्जन निघाला हे तिचं नशीब. पण मुलीचं शिक्षण कुणाच्या सज्जनपणावर का टांगून ठेवायचं?

स्वतःचा नंबर दिला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. भारतातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, म्हणजे आमच्या खानदेशातच दिलं गेलं. त्या काळी नावनोंदणीत मोबाईल नंबर ऐच्छिक होता. कुणी दिलाच नाही, कुणी शेजाऱ्याचा दिला. आणि ज्यांनी स्वतःचा दिला त्यांनी पुढे रिचार्ज महागलं म्हणून दोनातलं एक सिम सोडून दिलं. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवून कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. तो नंबर मग इंदूर-भोपाळच्या एखाद्या परक्या माणसाकडे जातो, आणि आमच्या काकूंचा ओटीपी त्याच्याकडे. काकू विचारतात, "सिम तर मी तोडून फेकलं होतं, मग जातंय कुठे?" सिम बदलताना बँक, आधार, समग्र, गॅस अशा सगळ्या ठिकाणी नंबर बदलायचा असतो, हे सिम विकणारा त्यांना सांगत नाही. ते सांगायची सक्ती सिम विकणाऱ्यावर हवी.

आमच्या सीमेवरच्या घरांचं आणखी एक दुखणं आहे, ते भोपाळला बसलेल्यांना समजत नाही आणि मुंबईलाही नाही. माझं माहेर रावेरचं. तिकडून लग्न होऊन इकडे आलेल्या बायका पुष्कळ. आधार तिकडचं, त्यावर मधलं नाव वडिलांचं. इकडच्या नोंदीत मधलं नावच गायब, आणि वर कुणीतरी सन्मानानं जोडलेलं 'बाई'. ज्ञानेश्वर नावाच्या माणसाचे तर हालच. महाराष्ट्रातला ऑपरेटर इंग्रजीत डी-एन-वाय लिहितो, इथला जी-वाय लिहितो, आणि मशीनच्या लेखी ती दोन माणसं. नाव जुळत नाही म्हणून केवायसी अडते, दुरुस्तीचा अर्ज नगर निगमकडे जातो, आणि माणूस माझ्या बाकड्यावर येऊन बसतो. खातं उघडताना दोन मिनिटं थांबून आधारवरचं अक्षर न् अक्षर बघून नाव टाकलं, तर ही वेळ येत नाही. दुकानदारांना मी हे नेहमी सांगते आणि त्यांना ते फारसं आवडत नाही.

आता पासवर्डकडे येते. आमच्या धंद्यातलं उघड गुपित सांगायला हरकत नाही: माणसाचं नाव, पुढे ॲटची खूण, पुढे १२३. दुकानात बनणाऱ्या किती पासवर्डांचा साचा हाच असतो. पोर्टल म्हणतं एक मोठं अक्षर हवं, एक चिन्ह हवं, आकडे हवेत. या साच्यात सगळ्या अटी पुऱ्या होतात आणि सुरक्षितता शून्य राहते. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलं की चिन्हांची सक्ती करू नका, ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका, लांब पासवर्ड चालू द्या. आपली पोर्टलं अजून जुन्याच अटी घालतात. कॉम्प्युटरवरचा पासवर्ड जन्मालाच आला तो अनेकांनी मिळून वापरायच्या मशीनसाठी. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांदो कोर्बातो यांनी तशी यंत्रणा उभी केली, तेव्हा प्रत्येकाची फाईल वेगळी राहावी म्हणून पासवर्ड आले. आणि १९६२ मध्ये आपल्या वाट्याचा वेळ पुरत नाही म्हणून ॲलन शेर या संशोधकानं सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली! तेव्हा चोरी नवी नाही. इतवाऱ्यातल्या माझ्या दुकानातलं मशीनही अनेकांचंच आहे. फरक इतकाच, की इथे लोक यादी आपण होऊन देतात.

पासवर्ड कुठेही लिहू नका, असं मोठ्या शहरातले तज्ज्ञ सांगतात. मी उलट सांगते: लिहा. शाळेच्या वहीचं पान फाडा, त्यावर पोर्टलचं नाव, आयडी, पासवर्ड आणि कुठला नंबर दिला ते लिहा, आणि रेशन कार्डाच्या पिशवीत घरी ठेवा. परदेशातला हॅकर तुमच्या मांडणीवरची पिशवी उघडायला येत नाही. दुकानदाराच्या रजिस्टरमध्ये मात्र लिहू देऊ नका. आणि पासवर्ड टाईप करायची वेळ आली की कीबोर्ड स्वतःकडे ओढा. एका बोटानं टाईप करा, वेळ लागू दे, मागचे थांबतील. केळीच्या चिकानं काळी पडलेली बोटं अंगठ्याच्या मशीनवर कधी कधी उमटत नाहीत, पण कीबोर्डवर चालतात.

इथवरचं लोकांसाठी झालं. माझी खरी तक्रार सरकारी पोर्टलं बनवणाऱ्यांबद्दल आहे. फोन लावला की मध्यंतरी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात ऐकू यायचं, सायबर ठगांपासून सावध राहा. बँकेचा प्रत्येक मेसेज म्हणतो, ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि त्याच बाईला सरकारी योजनेसाठी माझ्याकडे येऊन ओटीपी सांगावाच लागतो, कारण स्वतः करण्याइतकं ते पोर्टल सोपं नाही. मी तिला म्हणते, "मावशी, केवायसी राहिली आहे, आलेला नंबर सांगा." फोनवरचा ठग तिला अगदी हेच, याच शब्दांत म्हणतो. मग तिनं ओळखायचं कसं, कोण दुकानवाली आणि कोण चोर? ठगाला बळी पडली की आपण तिला अडाणी म्हणतो. तिला ती सवय आपण सगळ्यांनी मिळून लावली आहे.

यावर तोड नाही असं मुळीच नाही. आयकराचं पोर्टल बघा. तिथे करदात्याला आपला सीए जोडता येतो. सीए स्वतःच्या लॉगिननं येतो, स्वतःच्या नावानं काम करतो, आणि नको झाला तर काढून टाकता येतो. गिऱ्हाइकाचा पासवर्ड त्याला लागत नाही. म्हणजे ज्याच्याकडे कर भरण्याइतके पैसे आहेत, त्याला मदतनीस नेमायची रीतसर सोय आहे. आणि जिला महिन्याच्या अनुदानाची वाट बघावी लागते, तिनं मात्र आपलं खातंच दुसऱ्याच्या हाती द्यायचं. हा भेद कुणी ठरवून केला नसेल, पण आहे. माझी मागणी साधी आहे. समग्र, स्कॉलरशिप, ई-प्रवेश यांवर माझ्यासारख्या दुकानदाराला 'मदतनीस' म्हणून वेगळं लॉगिन द्या. मी काय भरलं, कधी भरलं, हे माझ्या नावावर नोंदवलं जाऊ दे. गिऱ्हाइकाला एका कामापुरती परवानगी देता येऊ दे, आणि काम झालं की ती आपोआप संपू दे. एकच मोबाईल नंबर वेगवेगळ्या कुटुंबांच्या खात्यांवर दिसू लागला, तर पोर्टलनं तिथल्या तिथे अडवावं. माझाही अडवावा. ज्या घरात फोनच नाही, तिथे अंगठा किंवा चेहरा हा रस्ता खुला ठेवावा, म्हणजे परक्या नंबरचा मोह होणार नाही.

डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माणसानं समजून-उमजून, मोकळेपणानं दिलेली संमती हा त्याचा पाया. पण जिचा ओटीपी माझ्या फोनवर आला, तिची संमती दिली कुणी? कागदोपत्री तिनं, प्रत्यक्षात मी. पलीकडे महाराष्ट्रात तर आणखी पुढची तऱ्हा. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत २०२५ मध्ये बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि ओटीपीही मागितला. ज्यांचे नवरे गेले, ज्यांना नवऱ्यांनी टाकलं, त्या बहिणींनी तो आणायचा कुठून? रावेरच्या माझ्या मैत्रिणीनं फोनवर हेच विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाईच्या नावाचं खातं म्हणायचं आणि चावी पुरुषाच्या फोनमध्ये ठेवायची, हे इकडे गरिबीमुळे होतं. तिकडे नियमच तसा केला.

पोर्टल सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर ऑनलाईनच्या दुकानातून उठण्याआधी पोचपावतीवर छापलेला मोबाईल नंबर वाचा. वाचता येत नसेल तर बरोबर आलेल्या पोराकडून वाचून घ्या. तो तुमचा किंवा तुमच्या घरातला नसेल, तर पैसे देण्याआधी तिथेच बदलून घ्या. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर फुकट दिसतं, तेही एकदा बघून घ्या. आणि ओटीपी विचारणाऱ्या फोनला बळी पडून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावा. इतवाऱ्यात माझ्याकडे आलात, तर हे सगळे प्रश्न मलाही विचारा. मला राग येणार नाही, आणि ज्या दुकानदाराला येईल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.