शरणपूर रस्त्यावरून पोलीस अकादमीकडे

महाराष्ट्रात सरळसेवेने फौजदार झालेला तरुण गडचिरोलीचा असो वा सिंधुदुर्गाचा, खांद्यावर तारे मिरविण्यापूर्वी नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील पोलीस अकादमीच्या मैदानावर त्याला घाम गाळावाच लागतो. 1906 साली भांबुर्ड्यास निघालेली आणि 1909 पासून नाशकात स्थिरावलेली ही संस्था या शहराचे भूषण आहे. त्याच शहरात शरणपूर रस्त्यावर तिबेटी विक्रेत्यांचा बाजार असून, निफाडचा पारा उतरू लागला की सारे नाशिक स्वेटर घेण्यासाठी तिकडे वळते. गाळ्यात बसलेली प्रौढ बाई कानटोपीची घडी घालता घालता ‘ताई, याच्याखाली परवडत नाही’ असे स्वच्छ मराठीत सांगते, आणि शेजारी तरुण मुलगी गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजत असते. या मुलीने उद्या फौजदार व्हावयाचे मनात आणले, तर तिला ते साधेल काय? साधले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि कायदा या कामी आपण समजतो तितका आडमुठा नाही.

दलाई लामांच्या मागोमाग 1959 पासून जे तिबेटी भारतात आले, त्यांपैकी काहींची वसाहत 1972 मध्ये तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, प्रतापगडाजवळ ‘नोर्ग्येलिंग’ या नावाने वसली. त्यांची ओळख निर्वासित म्हणून, आणि परकीयाच्या नोंदणीपत्रावर पोलिसाच्या नोकरीचे दार उघडत नाही. 1 जानेवारी 1962 पूर्वी आलेल्या तिबेटी निर्वासितास केंद्राच्या काही सेवांची परीक्षा पात्रतेचा दाखला मिळवून देता येते. पण भारतीय पोलीस सेवेस नागरिकत्वच लागते. ही अट मला रास्त वाटते, कारण ज्याच्या हाती अटकेचा अधिकार द्यावयाचा, तो या देशाच्या राज्यघटनेचा पूर्ण भागीदार असावा. परंतु 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 पूर्वीपर्यंत भारतभूमीवर जन्मलेली व्यक्ती सर्वसाधारणपणे जन्मानेच नागरिक ठरते. हा नियम तिबेटी मातापित्यांच्या अपत्यांसही लागू आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये एका तिबेटी तरुणीच्या पारपत्राच्या प्रकरणात मान्य केले. अशा नागरिकाच्या पोटी पुढे 2004 च्या डिसेंबरात कायदा कडक होईपर्यंत जन्मलेले मूलही नागरिकच होय. म्हणजे जिला आपण अजून पाहुणी समजतो, ती कायद्याने कदाचित आपली देशभगिनी असेल.

सर्वच तिबेटींना हे नागरिकत्व हवे आहे, असे मात्र नाही. मायदेशी परतण्याची आशा ज्यांनी सोडलेली नाही, त्यांना निर्वासिताचे नोंदणीपत्र सोडून देणे म्हणजे आपला दावाच सोडून देणे वाटते. त्यांच्या या निष्ठेपुढे मी आदराने मान लववितो. माझे म्हणणे ज्यांनी या भूमीची निवड केली आहे त्यांच्यापुरते आहे.

सीमेपलीकडून आलेल्या कुळातील मुलांच्या हाती शस्त्र कसे द्यावे, ही शंका काही सुज्ञ माणसेही बोलून दाखवितात. त्यांनी 1962 साली उभारलेल्या ‘स्पेशल फ्रंटियर फोर्स’चे स्मरण करावे. तिबेटी जवानांचे हे दल 1971 मध्ये चितगावच्या डोंगराळ मुलुखात भारतासाठी लढले, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये पँगाँगच्या परिसरात त्यातील न्यीमा तेनझिन यांनी प्राण वेचले. जो समाज हिमरेषेवर आपल्यासाठी मरण पत्करतो, त्याच्या मुलीस पंचवटीच्या ठाण्यात रोजनामचा लिहू देण्यास कचरणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

स्थलांतरित समाजातील स्त्री पोलिसांत आल्याचे एक उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. जंगबारमध्ये 1943 साली जन्मलेल्या करपाल कौर संधू 1971 मध्ये लंडनच्या पोलिसांत दाखल झाल्या आणि ब्रिटनमधील पहिल्या आशियाई महिला पोलीस ठरल्या. सहकाऱ्यांना आशियाई बोली शिकविण्याचे कामही त्यांच्याकडे आले. ही नोकरी पसंत नसलेल्या पतीच्या हातून 1973 मध्ये त्यांचा अंत झाला. घरातला आणि समाजातला विरोध केवढा जीवघेणा असू शकतो, याची ही विदारक साक्ष आहे. तरी ज्या वस्त्यांत गणवेषाकडे परकेपणाने पाहिले जाई, तेथे आपल्यातलीच एक स्त्री त्या गणवेषात दिसणे किती मोलाचे असते, हे त्यांच्या अल्प सेवेवरूनही कळते. नाशिकसारख्या औद्योगिक शहरात, जेथे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत परप्रांतीय मजूर राबतात आणि कॉलन्यांतून नेपाळी गुरखा रात्रभर काठी आपटीत फिरतो, तेथे परकेपणाचे दुःख अंगाने जाणणारा अधिकारी ठाण्यात असणे पोलीस खात्याच्याच हिताचे आहे.

लोकसेवा आयोगाची परीक्षा, मैदानी चाचणी आणि मराठीचे ज्ञान यांत कोणासही सवलत नको. स्वेटर विकता विकता शिकलेली मराठी त्या कसोटीस उतरेलच. अडचण आहे ती दाखल्यांच्या खिडकीवर, जेथे नाव आणि चेहरा पाहून कारकून अर्ज बाजूस सारण्याचा संभव असतो. गृहखात्याने जन्मसिद्ध नागरिक असलेल्या तिबेटी अर्जदारांविषयी स्वच्छ परिपत्रक काढावे, जिल्हाधिकारी कचेरीने जन्मदाखला आणि रहिवासाचे कागद तपासून ठराविक मुदतीत निर्णय द्यावा, आणि नकार द्यावयाचा असेल तर तो कारणांसह लेखी द्यावा, म्हणजे अर्जदारास त्यावर दाद मागता येईल.