व्यसनी माणूस : आरोपी की रुग्ण?

अमली पदार्थांची विक्री खुली करावी, हे मत आम्हांस मान्य नाही. परंतु व्यसनी माणसाला तुरुंगात धाडण्याचे समर्थनही आमच्याने करवत नाही. माळव्यातील आपल्या जुन्या घराण्यांना अफू अपरिचित नाही. मंदसौर-नीमच भागात आजही सरकारी परवान्याने तिची शेती होते आणि औषधांसाठी सरकारच ती विकत घेते. अफूपासूनच होणाऱ्या हेरॉइनचे नुसते सेवन करणाऱ्यास मात्र १९८५ च्या कायद्याचे २७ वे कलम एक वर्षापर्यंत सक्तमजुरी सांगते. ६४-अ कलम उपचार पत्करणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देते खरे. पण पोलिसांच्या धाकाने घरचेच व्यसन लपवू लागले, तर तो उपचारापर्यंत पोहोचणार कसा?

पोर्तुगालने २००१ मध्ये विक्री गुन्हाच ठेवली, पण स्वतःपुरते बाळगणे व सेवन फौजदारी कायद्यातून वगळले आणि व्यसनीला उपचाराकडे वळवले. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदानाने तोच मार्ग धरला. उपचारांची व्यवस्था मागे पडली आणि २०२४ मध्ये पाऊल मागे घ्यावे लागले. तेव्हा आमची मागणी दुहेरी आहे : सेवनाची कैद रद्द व्हावी आणि त्याच वेळी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा असाव्यात. विक्रेत्यावरील कलमे मात्र तसूभरही सैल होऊ नयेत.