‘खराब कॉपी’ नावाचं काही नसतं

महागडी लेन्स सदोष निघाली की आम्हा फोटोग्राफर लोकांचा एक ठरलेला उद्गार असतो : ‘अरेरे, तुला खराब कॉपी आली!’ यात सहानुभूती असते, थोडी ‘बरं झालं, मी थांबलो’ अशी गुदगुल्या करणारी भावनाही असते. पण राग नसतो. जणू लेन्स म्हणजे लॉटरीचं तिकीट. माझं म्हणणं एवढंच आहे की हा शब्द आपण टाकून द्यायला हवा. कारण कारखान्याने केलेली चूक तो अलगद गिऱ्हाइकाच्या नशिबावर ढकलतो.

माझा धंदा लोणावळ्यात. प्रीवेडिंग आणि लग्नं. पाऊस ओसरला की पवना धरणाचा काठ, तुंग-तिकोन्याच्या पायथ्याची गावं, राजमाचीची वाट अशी आमची धावपळ सुरू होते. त्या सीझनसाठी मी ८५ मिमी एफ १.२ लेन्स घेतली. बाजारात आली त्याच महिन्यात, दोन लाखांच्या आसपास, हप्त्यांवर. पहिल्याच शूटमध्ये दिसलं की फ्रेमच्या उजव्या भागात बसवलेला चेहरा लख्ख येतो आणि डाव्या भागातला पिठूळ. फोकस बरोबर, हात स्थिर, शटर वेगवान. डावी बाजू तरीही पिठूळ. लेन्स तीनदा सर्व्हिस सेंटरला गेली. तिन्ही वेळा कागदावर एकच वाक्य आलं : ‘उत्पादन स्पेसिफिकेशनमध्ये आहे.’ ते स्पेसिफिकेशन काय, हे विचारलं तर ते अंतर्गत असतं म्हणे. तोंडी मात्र एक जास्तीचं ज्ञान मिळालं. ‘तुमच्याकडे पाऊस फार. बुरशी धरली असेल.’ बुरशी काचेवर जाळं धरते, टॉर्च मारला की दिसते. माझ्या काचेत तसं काहीच नव्हतं. आणि लेन्स घेतली तेव्हा आमच्याकडचा पाऊस केव्हाच परतला होता.

तांत्रिक बाजू अवघड नाही. ८५ मिमीची लेन्स एफ १.२ वर उघडली की प्रकाश आत घेणारं तोंड साधारण ७१ मिमी रुंद होतं. समोरची व्यक्ती दोन मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम चार सेंटीमीटरचा. डोळा त्यात, कान बाहेर. अशा लेन्समधली एखादी काच किंचित कलली किंवा मध्यापासून सरकली तरी एक बाजू बिघडते. जोडणी इतकी नाजूक, म्हणून तर किंमत इतकी.

‘एवढ्या बारीक कामात थोडी तफावत राहणारच,’ असं यावर सांगितलं जातं. मान्य. दोन लेन्स तंतोतंत सारख्या नसतात. पण किती तफावत चालवून घ्यायची, हे गिऱ्हाईक ठरवत नाही, कंपनी ठरवते. मग सोपा प्रश्न आहे. माझी लेन्स डब्यात घालण्याआधी तपासली होती का? तपासली असेल तर तिचा काहीतरी आकडा निघालाच असेल. तो डब्यात घाला. तपासली नसेल, तर दोन लाख मी कशाचे दिले?

पहिल्या उत्पादनात दोष राहतात आणि कंपनीला ते ओळखताही येतात, याचे पुरावे कंपन्यांनीच दिले आहेत. निकॉनची ३०० मिमी एफ ४ पीएफ ही लेन्स २०१५च्या सुरुवातीला आली. काही कॅमेऱ्यांवर, शटर १/१२५च्या आसपास असताना, हादरे थांबवणारी यंत्रणाच चित्र हलवत होती. निकॉनने ते मान्य केलं आणि अमुक अनुक्रमांकापर्यंतच्या लेन्स दुरुस्त करून द्यायचं ठरवलं. त्याच कंपनीचा डी६०० कॅमेरा २०१२च्या सप्टेंबरात आला. सेन्सरवर ठिपके पडतात, अशी ओरड झाली. वॉरंटी संपलेल्यांनाही मोफत तपासणी आणि गरज पडल्यास नवं शटर, हे जाहीर व्हायला फेब्रुवारी २०१४ उजाडला. त्याआधीच, ऑक्टोबर २०१३मध्ये, डी६१० दुकानात आला होता.

‘आम्ही फोनवर फोटो काढतो, आम्हाला काय त्याचं?’ असं वाटत असेल तर खिशातला फोन काढून बघा. त्याचा मुख्य कॅमेरा म्हणजेही एक न बदलणाऱ्या फोकल लेंग्थची, मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्सच. आयफोन ६ प्लस सप्टेंबर २०१४मध्ये आला. जानेवारी २०१५पर्यंत विकलेल्या ठरावीक अनुक्रमांकांच्या फोनमधले फोटो धूसर येत होते. मागचा कॅमेरा फुकट बदलून देण्याची योजना अ‍ॅपलने जाहीर केली ती ऑगस्ट २०१५मध्ये. तोवर ज्यांनी ‘माझा हात हलतो बहुतेक’ म्हणून स्वतःला दोष दिला असेल, त्यांचं काय?

म्हणजे पहिल्या महिन्यातला गिऱ्हाईक सर्वांत जास्त किंमत मोजतो आणि वर कंपनीसाठी फुकटात चाचणीही करतो. सहा महिन्यांनी लेन्स सुधारते, किंमत उतरते. दोन्हीचा फायदा थांबलेल्याला. परीक्षण करणाऱ्यांकडून यात फार आशा ठेवू नका. लाँचच्या दिवशी व्हिडिओ टाकणाऱ्या अनेकांच्या हातात कंपनीनेच पाठवलेली लेन्स असते.

आमच्या मावळाला काचेचा एक वेगळा इतिहास आहे. तळेगाव दाभाड्यात १९०८मध्ये पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून फंड जमवला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. देशी माणसांनी काच करायला शिकावी, हा हेतू होता. शिकाऊ हातांची काच पहिल्याच दिवशी निर्दोष निघेल, अशी कुणाची अपेक्षा नसावी. पण पैसा देणाऱ्याला ठाऊक होतं की आपण एका प्रयोगाला हातभार लावतोय. तिथे एक पैसा देऊन माणूस भागीदार होत होता. इथे दोन लाख देऊन मी प्रयोगाचा उंदीर होतो, आणि तेही मला न सांगता. प्रयोगच करायचा असेल तर तसं डब्यावर छापा आणि किंमत निम्मी करा.

आता कामाचं. लेन्स हातात आली की पहिल्याच आठवड्यात तपासा. मळवलीहून लोहगड-विसापूरसारखी लांबची, ठळक कड निवडा. तोच बुरूज किंवा तोच कडा आधी फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून फोटो काढा, मग उजव्या. दोन्ही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती डिझाइनची मर्यादा. एकच कोपरा खचला असेल तर संशय जोडणीवर. ट्रायपॉड लावा, प्रत्येक बाजूला तीन-चार फोटो काढा, मूळ फाइल जपून ठेवा.

मग भांडा. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही,’ असं कुणी सुनावलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दाखवा. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात व्यावसायिक हेतूची मानलेली नाही. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. १९१५ या हेल्पलाइनपासून सुरुवात करता येते. माझे तीन कागद आणि फोटोंच्या फाइली तक्रारीला जोडून तयार आहेत.

मागण्या तीनच. प्रत्येक महागड्या लेन्ससोबत तिचा स्वतःचा चाचणी अहवाल. ‘स्पेसिफिकेशनमध्ये आहे’ म्हणायचं असेल तर ते स्पेसिफिकेशन कागदावर. आणि पहिल्या वर्षात जोडणीचा दोष निघाला तर दुरुस्तीच्या फेऱ्या न घालता थेट नवी लेन्स. हे होईपर्यंत किमान एक गोष्ट आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी कुणी ‘तुला खराब कॉपी आली’ म्हणालं, की त्याला तिथेच थांबवा. म्हणा, आली नाही, विकली.