निगेवाचून यंत्र

ऊस तोडायला माणसे मिळत नाहीत, ही कैफियत हल्ली महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यांतून गाळप हंगामाच्या आरंभीच ऐकू येते. बीडच्या आणि आसपासच्या डोंगरपट्ट्यांतून मुकादमाच्या उचलीवर बांधल्या जाणाऱ्या टोळ्या रोडावत आहेत. ज्यांच्या आईबापांनी उभा जन्म पाचटाच्या कोपीत काढला, ती मुले कोयता हाती धरण्यास राजी नसतील, तर त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. ऊसतोडणी यंत्रावाचून गत्यंतर नाही, हे ओळखून शासनाने राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के अथवा ३५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती अनुदानादाखल देण्याची तरतूद केली, हे उचितच झाले. आमचा आक्षेप त्या तरतुदीला नाही. ती जेथे येऊन थांबते त्या जागेला आहे. यंत्र खरेदी झाले, बिल दप्तरी रुजू झाले आणि रक्कम खात्यावर जमा झाली, की सरकारच्या लेखी प्रकरण निकालात निघते. वस्तुतः यंत्राचा खरा खर्च आणि त्याच्या मालकाची खरी परीक्षा त्याच दिवशी सुरू होते.

किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या दारी आला, तेव्हा त्या नांगराचा फाळ बोथट झाला तर गावचा लोहार तो शेवटून देऊ शकत असे. आजचे तोडणी यंत्र त्या लोहाराच्या आवाक्यापलीकडचे आहे. ते उसाचे शेंडे छाटते, फिरत्या तबकड्यांवरील पात्यांनी बुडखा जमिनीलगत कापते, कांड्यांचे वीतभर तुकडे करते, पंख्याच्या झोताने पाचट उडवते आणि ते तुकडे शेजारून चालणाऱ्या वाहनात ओतते. आणि यांतील बहुतेक सर्व क्रिया तेलाच्या दाबावर, म्हणजे हायड्रॉलिक यंत्रणेवर चालतात. एक नळी फुटली की सगळे यंत्र सरीत उभे राहते. ती नळी तालुक्याच्या गावी मिळाली तर काम तासा-दोन तासांत पुन्हा सुरू होते. पुण्याहून मागवावी लागली तर दोन दिवस जातात, आणि तेवढ्या अवधीत कारखान्याचा तोडणी कार्यक्रम, वाहनांची पाळी व शेजारच्या शेतकऱ्याची पाण्याची पाळी, सारेच विसकटते. त्यातही तुकडे केलेला ऊस अखंड उसापेक्षा लवकर बिघडतो. कापलेल्या प्रत्येक टोकातून जंतूंचा शिरकाव होतो व साखर घटत जाते.

निगा ही यंत्रमालकाची खासगी बाब आहे, तीत शासनाने का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर बुडख्याच्या पात्यांपाशी आहे. माती आणि दगडगोटे यांना घासून ही पाती झपाट्याने झिजतात. ती रोज पाहावी लागतात, उलटून नवी धार पुढे घ्यावी लागते आणि सर्व बाजू संपल्या की टाकून द्यावी लागतात. पात्यांचा खर्च वाचवण्यासाठी बोथट पात्यांवरच तोडणी रेटली, तर ऊस कापला न जाता पिंजला जातो, बुडखे फाटतात, मुळे हलतात, आणि त्याचे फळ यंत्राच्या मालकाला नव्हे, तर पुढच्या वर्षी खोडवा विरळ फुटलेला पाहणाऱ्या शेतकऱ्याला भोगावे लागते. सुके पाचट इंजिनाच्या तापलेल्या भागांभोवती साचू दिले तर यंत्र पेटते, आणि त्या आगीला शेताचा बांध ठाऊक नसतो. ज्या हेळसांडीची किंमत तिसऱ्याला मोजावी लागते, ती खासगी राहत नाही. मळणी यंत्रात हात गमावणाऱ्यांची संख्या डोळ्यांआड करता येईना, तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला, तो याच न्यायाने.

चालकाचा प्रश्न याहून बिकट आहे. उसाच्या कांड्यांत साखर सर्वाधिक असते ती बुडाकडे. म्हणून पाती चार बोटे वर राहिली तर सर्वांत गोड भाग शेतातच राहतो, आणि खाली उतरली तर माती उसाबरोबर कारखान्यात जाते. सरीचा उंचसखलपणा पाहत, लोळलेला ऊस उचलत, ही उंची क्षणाक्षणाला सांभाळणे हे कसबाचे काम आहे. ट्रॅक्टर चालवता येतो एवढ्या भांडवलावर ते साधत नाही. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारने १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षणाचे केंद्र काढले, पुढे हिसार, गार्लदिन्ने आणि विश्वनाथ चारियाली येथेही तशा संस्था झाल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांतील एकही आलेली नाही. मांजरी येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी मातबर संस्था असता चालकाची परीक्षा आणि प्रमाणपत्र यांची जबाबदारी तिच्याकडे रीतसर का सोपवू नये, हे आम्हांस कळत नाही.

कर्जाऊ रकमेवर यंत्र घेणारा तरुण बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. हंगाम चार-पाच महिन्यांचा, बँकेचा हप्ता मात्र यंत्र उभे असले तरी चुकत नाही. त्याला पहिल्या अनुदानापेक्षा जवळच मिळणारा सुटा भाग आणि जाणता कारागीर यांची गरज अधिक आहे. म्हणून पुढील योजनेत अनुदानाचा काही अंश राखून ठेवावा आणि प्रत्येक हंगामानंतर, कामाच्या तासांची व दुरुस्तीची नोंदवही तपासून, तो हप्त्याहप्त्याने द्यावा. विक्रेत्या कंपन्यांनी ऊसपट्ट्यातील प्रत्येक जिल्ह्यात सुट्या भागांचा साठा ठेवावा, ही अट अनुदानपात्र यंत्रांच्या यादीशी जोडावी. आणि कारखान्याने तोडणी-वाहतुकीचा करार करण्यापूर्वी यंत्राच्या तपासणीचा व चालकाच्या प्रशिक्षणाचा दाखला मागावा. हे करार पावसाळ्यातच होऊ लागतात. साखर आयुक्तालयाने त्यासंबंधीचा हुकूम त्यापूर्वी काढला पाहिजे.