बीजे की एएफएमसी? फी बघू नका, बांधिलकी बघा

बारावीनंतर ‘नीट’मध्ये चांगले गुण पडले की पानशेत-वेल्हे भागातल्या घरात पहिला प्रश्न येतो फीचा. पुण्यात नावाजलेली सरकारी कॉलेजे दोन. एक ससूनला जोडलेले बी. जे. मेडिकल, दुसरे वानवडीचे सैन्यदलाचे वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी. पहिल्यात फी आहे, दुसऱ्यात शिक्षण, राहणे, जेवण सगळे सरकारी खर्चाने. भाताच्या चार खाचरांवर घर चालवणारा बाप साहजिकच म्हणतो, ‘फुकट आहे तिथंच घाला पोरीला.’ हिशेब एवढा सोपा नाही.

पदवी एकाच विद्यापीठाची

बीजे १९४६ चे. एएफएमसी १९४८ चे, तिथे एमबीबीएस सुरू झाले १९६२ साली. दोन्हीकडची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच. म्हणजे कागदाची किंमत सारखी. फरक आहे तो पदवीनंतर कोणाची नोकरी करायची याचा.

एएफएमसीत गेलेला विद्यार्थी सैन्यात अधिकारी होतो. अल्प मुदतीचे कमिशन मिळाले तर सात वर्षे नोकरी, कायमचे मिळाले तर त्याहून कितीतरी जास्त. बदली लडाखला होईल नाहीतर आसामला. मधेच सोडायचे तर बॉण्डची रक्कम साठ लाखांच्या वर जाते. शेत विकूनही ती फिटायची नाही. शिक्षण चालू असताना लग्न करता येत नाही, हेही घरच्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. याला फुकट कसे म्हणायचे? ही नोकरीच्या रूपाने फेडायची उचल आहे.

बीजेचीही बांधिलकी आहे, पण ती एका वर्षाच्या शासकीय सेवेची. आणि फीचे म्हणाल तर २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. ज्या घरात ही सवलत बसते, तिथे ‘फुकट’ हे एएफएमसीचे वेगळेपण फारसे उरत नाही. वसतिगृह, मेस आणि पुस्तकांचा खर्च तेवढा धरावा.

प्रवेशाच्या वाटा वेगळ्या

बीजेत २५० जागा. त्यातल्या ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून, आरक्षणाच्या नियमाने भरतात. एएफएमसीत जातीचे आरक्षण नाही. देशभरातून १४५ जागा, त्यात मुलींना फक्त ३०. त्यामुळे मुलींची गुणांची रेषा मुलांपेक्षा वर राहते. ‘नीट’ मराठीतून देता येते, पण एएफएमसीची पुढची चाचणी इंग्रजी भाषा आणि तर्कशक्तीची असते. मग मुलाखत, मग शारीरिक तपासणी. मराठी शाळेतल्या पोरांनी निकालाची वाट न बघता अकरावीपासूनच इंग्रजी वाचायची सवय लावावी.

नोंदणीही दोन ठिकाणी करावी लागते. एएफएमसीसाठी दिल्लीच्या एमसीसीकडे, राज्याच्या जागांसाठी सीईटी सेलकडे. एकीकडे केली म्हणून दुसरीकडे झाली असे समजू नये.

कागदच आडवे येतात

गुण असूनही प्रवेश हुकतो तो कागदांपायी. अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर यांतला एक कागद मुदतीत नसला की राखीव जागा किंवा सवलत हातची जाते. तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवकांनी बारावीच्या पोरांची यादी दिवाळीतच काढली आणि कागद मार्गी लावले, तर जूनमध्ये तहसीलची पायरी झिजवावी लागणार नाही.

गावाचा हिशेब

पानशेतच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापलीकडे मोठा इलाज म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचे पुणे. अडलेली बाळंतीण असो की सर्पदंश, घाटमाथ्याच्या वाड्यांना हे अंतर फार पडते. बीजेच्या वाटेने गेलेली पोर निदान सेवेच्या वर्षात एखाद्या ग्रामीण दवाखान्यात बसण्याची शक्यता असते. तो दवाखाना आपलाच असेल असे मात्र नाही. सैन्यातली डॉक्टर गावाला लाभणार नाही, पण तो मार्ग उणा नाही. एएफएमसीच्याच विद्यार्थिनी माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या आणि २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरूही.

तेव्हा घरात फीचे बोलण्याआधी पोरीला विचारा, ‘अंगावर वर्दी घालायचीय का?’ मनापासून हो म्हणाली तर एएफएमसी. नुसती फी वाचते म्हणून हो म्हणत असेल, तर बीजे बरे.