एकराचा भाव ठरतो, दाण्याचा हिशेब कोण ठेवतो?

चिकलठाण्याच्या शिवारात गहू सोंगायला माणूस मिळत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. ज्या घरातून पूर्वी चार विळे निघत, त्या घरातील तरुण आज एमआयडीसीत पाळी करतो, नाही तर शेंद्र्याला जातो. म्हणून होळीच्या सुमारास पंजाब-हरियाणाचे हार्वेस्टर जालना रोडने येतात, दलाल एकराचा भाव सांगतो, आणि तासाभरात उभे पीक ट्रॉलीत पडते.

आमचा धंदा कापडाचा. शेतीच्या यंत्रावर बोलणारे आम्ही कोण, असे कोणी विचारील. पण गहू-हरभरा मोंढ्यावर गेल्यावरच आमच्या खात्यातील उधारी उतरते आणि लग्नाचा बस्ता बांधला जातो. रानात सांडलेला दाणा आमच्याही गल्ल्यातून कमी होतो, हे सरळ गणित आहे.

मशीनला नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. उभे पीक एका दिवसात घरात आणणारे यंत्र अशा मुलखात नियामतच म्हटले पाहिजे. तक्रार आहे ती सौद्याची. भाव एकरावर ठरतो, म्हणून ड्रायव्हरचा फायदा वेगात असतो आणि शेतकऱ्याचा दाण्यात. दोघांचे हित दोन दिशांना, आणि मध्ये दलाल.

आमच्या धंद्यात हा तिढा पुराणा आहे. मालेगाव-भिवंडीचा कारीगर मीटरवर मजुरी घेतो. मीटर वाढवायचा तर तुटलेल्या धाग्याकडे काणाडोळा होतो. म्हणून व्यापाऱ्याने काय केले? कोरा कपडा टेबलावर अंथरून तपासायचा रिवाज घातला. डाग, तूट, जाळी दिसली की डॅमेज कापले जाते. यात कोणी कोणाला बेईमान म्हणत नाही, तो व्यवहाराचा भाग आहे. गव्हाच्या शेतात मात्र टेबल कोणी मांडतच नाही. शेतकरी बांधावर उभा राहतो, टाकी भरलेली पाहतो आणि खूश होतो. मागे काय पडले, ते पाखरांना माहीत.

ही तपासणी अवघड नाही. पहिले पन्नास-साठ पावले मशीन चालले की ते थांबवावे आणि तीन ठिकाणी जमीन पाहावी. पुढे उभ्या पिकात आधीच किती दाणे गळलेले आहेत, ते पहिले. तो दोष मशीनचा नव्हे, उशिराचा आहे. कटर बारच्या मागे, पण जिथे अजून काड पडलेले नाही, तिथे दुसरे. तिथे दाणे व लोंब्या जास्त असतील तर रीलची गती किंवा उंची चुकली आहे. रील मशीनच्या चालीपेक्षा थोडीच जलद हवी, फार जलद झाली की लोंबी झोडपून दाणा खाली पाडते. तिसरे, काडाच्या पट्ट्याखाली. तिथे मोकळे दाणे दिसले तर मशीन फार वेगाने चालले आहे किंवा पंख्याचा वारा जास्त आहे. लोंबीतच दाणा राहिला असेल तर मळणी अपुरी आहे.

आता मोजमाप. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. लोक-१ सारख्या ठळक गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात. म्हणजे शेतभर सरासरी दर चौरस फुटाला १० दाणे सांडले, तर एकरी सुमारे १७ किलो गहू गेला. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. त्या भावाने हे चारशेवर रुपये होतात. दहा दाणे डोळ्यांत भरतसुद्धा नाहीत! मात्र एक सावधगिरी हवी. चौदा फुटांत कापलेले पीक मागे चार-पाच फुटांच्या पट्ट्यात पडते. म्हणून पट्ट्यातील मोजणीला तीनने भागावे, नाही तर ड्रायव्हरवर नाहक आरोप होईल.

खरी कळ आहे ड्रममध्ये. आपल्याकडे गव्हाच्या आधी हरभरा निघतो. त्यासाठी ड्रम मंद आणि जाळी लांब ठेवावी लागते, कारण हरभऱ्याचा दाणा फुटतो. तेच मशीन तसेच गव्हात घातले तर लोंब्या अर्ध्या मळून बाहेर जातात. गव्हाला ड्रमच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण २५ ते ३० मीटर लागतो. ड्रम ६० सेंटिमीटर व्यासाचा धरला तर मिनिटाला आठशे ते साडेनऊशे फेरे. जाळीचे अंतर पुढे जास्त, मागे कमी. पण हे आकडे सुरुवातीचे. सकाळी दवाने काड चिवट असते तेव्हा ड्रम थोडा जोरात चालतो, दुपारी काड कडक झाले की तोच वेग दाणा फोडतो. टाकीतून मूठभर गहू तळहातावर घ्यावा. फुटका दिसला तर ड्रमची गती उतरवावी, मग गरज पडली तर जाळी थोडी सैल करावी. भूस जास्त दिसला तर वारा थोडा वाढवावा किंवा वरची चाळणी थोडी आवळावी. एका वेळी एकच बदल, मग पुन्हा दहा-वीस पावले. दोन कळा एकदम फिरवल्या तर कोणत्या कळीने काम केले, ते उस्तादालाही सांगता येणार नाही.

ड्रायव्हरला हे सारे येते. घरापासून महिनोन्महिने दूर राहून धूळ खाणारा तो माणूस आपल्यापेक्षा मशीन जास्त जाणतो. मात्र सुखना नदीच्या बाजूचा पाऊण एकराचा तुकडा, त्यात विहीर, चारदा वळण, आणि पुढचा शेतकरी बांधावर वाट पाहत उभा. अशा वेळी पान्हा हातात घ्यायला त्याला सवड कोण देतो?

म्हणून सौदा बदलावा, असे आम्हाला वाटते. शेजारच्या पाच-सात जणांनी मिळून मशीन ठरवावे. एकाच जातीचा, एकाच आठवड्यात पेरलेला गहू सलग मिळाला की एकदा लावलेली गती बराच वेळ कामी येते आणि ड्रायव्हरला दिवसभराचे काम एका शिवारात मिळते. दलालाशी बोलताना आधीच सांगावे की सुरुवातीला थांबून तपासणी होईल आणि गिअर आम्ही सांगू तो. त्याने एकरी शे-दीडशे जास्त मागितले तर द्यावेत, वरचा हिशेब पाहता ते महाग नाहीत. ज्याला जनावरांसाठी काड खालून कापून हवे, त्याने चाल आणखी मंद करायची तयारी ठेवावी, कारण जितके काड आत जाईल तितका दाणा त्यातून झडायला वेळ लागतो.

घरचे बियाणे ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. मशीनच्या पोटात मागच्या शेताचा दाणा राहतो, तेव्हा पहिली टाकी बियाण्याला घेऊ नये. ड्रमने वरवर न दिसता चिरलेला दाणाही उगवत नाही. त्या तुकड्यापुरती गती मुद्दाम कमी ठेवावी, चार लोंब्या मागे राहिल्या तरी चालतील.