एक की नऊ?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला, "काय रे, त्या लाईटच्या नकाशांचं काय करतोस रात्रभर? घर बांधतोयस का काय?" तिला फोनवर उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. मावशी, हे तुझ्यासाठीच. आणि यात तुझीही एक गोष्ट आहे, रागावू नकोस.

आधी नकाशा म्हणजे काय ते सांगतो. नाटकाचे दिवे कुठल्या बारवर, कुठे टांगायचे, हे वरून पाहिल्यासारखं कागदावर काढतात. प्रत्येक प्रकारच्या दिव्याचं चिन्ह ठरलेलं असतं. फ्रेनेल वेगळा, प्रोफाईल वेगळा, पार वेगळा. पण नुसती चिन्हं म्हणजे नावं नसलेली वरात. फोटोत चाळीस माणसं दिसतात, पण नवऱ्याचा मामा कोणता ते कळत नाही. म्हणून प्रत्येक चिन्हाला लेबल लावायचं. त्यात साधारण चार-पाच गोष्टी येतात: त्या बारवरचा दिव्याचा क्रमांक, चॅनल (म्हणजे बोर्डावर कुठल्या नंबरने तो पेटणार), डिमर किंवा सर्किट, जिलेटिनचा रंग, आणि तो दिवा कशासाठी आहे. अमेरिकेत यासाठी लेखी शिफारशीच आहेत. क्रमांक चिन्हाच्या आत, चॅनल गोलात, रंग दिव्याच्या तोंडापाशी, अशी साधारण पद्धत. तिकडे बारवरचे नंबर नटाच्या डाव्या हाताकडून सुरू करतात. आपल्याकडे बारवर जो चढला असेल त्याच्या डाव्या हाताकडून सुरू करतात :-)

पूर्वी मी हे हाताने काढायचो, मग ऑटोकॅड शिकलो. सुरुवातीला मोठी चूक केली. दिव्याचं चिन्ह काढायचं, शेजारी नंबर नुसता टाईप करायचा. दिवा कॉपी केला की नंबरही कॉपी. मग एका बारवर तीन चौदा नंबर! चिन्ह मिरर केलं तर आकडा उलटा, आरशात बघितल्यासारखा. (त्यावर मिररटेक्स्ट शून्य करायचं असतं, हे मला वर्षभराने कळलं.) खरी रीत अशी की नंबर, चॅनल, रंग हे त्या चिन्हाच्या ब्लॉकचेच अ‍ॅट्रिब्यूट करायचे. म्हणजे दिवा हलला की माहितीही त्याच्याबरोबर हलते, आणि शेवटी सगळ्या दिव्यांची यादी त्यातूनच काढता येते. व्हेक्टरवर्क्स स्पॉटलाईटमध्ये तर हे अंगभूतच आहे. लेबल कसं दिसायचं ते एकदा ठरवा, मग दिवा कितीही फिरवा, आकडा सरळच वाचता येतो.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की कॉम्प्युटर आला, प्रश्न मिटला. मलाही तसंच वाटलं होतं.

आता ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपचा प्रयोग परगावी होता. नाटकात मावशी होती, आईच्या भूमिकेत. मी नकाशा लई भारी काढला होता. 'आई-खुर्ची', 'मागची निळी', 'दार' अशी लेबलं मराठीत, आकडेही मराठीत. तिथे पोचल्यावर एका दुकानात प्रिंट काढायला गेलो, तर त्यांच्या कॉम्प्युटरवर फाँट नाही. लेबलांच्या जागी प्रश्नचिन्हं! चाळीस दिवे, चाळीस ठिकाणी ओळीने ????. वेळ नव्हता. बसलो आणि पेनने सगळे आकडे पुन्हा लिहिले. घाईत, मराठीत. क्यू शीट मात्र आधीच छापलेली होती आणि तिच्यात आकडे इंग्रजी होते.

एक प्रयोग करून बघा. कागदावर मराठी एक लिहा. आता कागद शेजारच्याला द्या आणि हा इंग्रजी नऊ आहे असं सांगा. तो नाही म्हणणार नाही.

तिथला लाईटवाला जाणता माणूस, चूक त्याची अजिबात नव्हती. त्याच्या एका हातात इंग्रजी आकड्यांची क्यू शीट, दुसऱ्या हातात माझा नकाशा. माझा एक त्याने नऊ वाचला आणि खुर्चीचा स्पॉट नऊ नंबरच्या डिमरला दिला. दाराचा दिवा उरला, तो उरलेल्या एक नंबरला. आधीच्या संस्थेचा प्रयोग लांबला होता, त्यामुळे एकेक दिवा लावून बघायला मिळालं नाही. तिसऱ्या अंकात मुलाची बातमी येते, सगळा अंधार होतो, आणि फक्त आईवर एक प्रकाश उरतो. मी मागे उभा राहून बघतोय. प्रकाश पडला तो रिकाम्या दारावर. खुर्ची अंधारात, मावशी अंधारात, आणि तिचं दीड पान भाषण.

दोन वाक्यं ती अंधारातच बोलली. मग उठली, चार पावलं चालत दारापर्यंत गेली, चौकटीला हात लावून उभी राहिली आणि उरलेलं भाषण तिथून बोलली. जणू मुलगा येतोय का बघायला गेली होती. नाटक संपल्यावर लोकांनी त्या जागेचंच कौतुक केलं. मला म्हणाले, "दाराचा दिवा काय सुचला हो तुम्हाला!" मी मान खाली घालून चहा प्यालो. मावशीने तेव्हा मला एक शब्द विचारला नाही. आज सांगतो, मावशी. तो एक होता, नऊ नाही.

तर माझं मत असं, की लेबल ही कॅडमधली शोभेची गोष्ट नव्हे. जो माणूस आपल्याला ओळखत नाही, आपलं नाटक ज्याने वाचलेलं नाही आणि ज्याच्याकडे जेमतेम तास आहे, त्याला लिहिलेलं ते पत्र आहे. पत्र लिहिताना अक्षर आपल्याला आवडतं का यापेक्षा त्याला लागतं का हे बघायचं. आकडे एकाच लिपीत, कोणत्याही, पण नकाशावर, यादीत, बोर्डावर आणि दिव्यावर चिकटवलेल्या पट्टीवर तीच. शब्द मात्र मराठीत खुशाल असावेत, कारण 'आई-खुर्ची' वाचल्यावर चूक लगेच लक्षात येते. नुसत्या नंबरवर ती लक्षात येत नाही. माझ्या त्या हाताच्या नकाशावर आकड्याशेजारी 'खुर्ची' एवढं जरी असतं, तरी पुढचं टळलं असतं. कॉम्प्युटर एकच नंबर दोनदा आला तर सांगू शकतो, पण वर बारवर खरंच काय टांगलंय हे त्याला ठाऊक नसतं. ते तपासायला शिडी चढावीच लागते.

आमच्या कोल्हापुरातले एक जुने लाईटवाले काका (नाव सांगितलं तर ओरडतील) याच्या विरुद्ध मताचे. ते म्हणतात, "नंबर कशाला पायजे? दिवा तोंडओळखीचा असतो." त्यांचं खरंही आहे. केशवराव भोसले नाट्यगृहात कुठला पॉइंट कुठे जातो हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. बाहेरगावचा ग्रुप आला की पहिला प्रश्न हाच असायचा, काका आहेत ना? काका असले की निम्मं काम झालं.

पण मग ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आली. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं, १९५७ पासून केशवरावांचं नाव मिरवणारं ते नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती. आमच्यापैकी बरेच जण खासबागेच्या बाजूला नुसते उभे होते. कोणी बोलत नव्हतं. काका माझ्या शेजारी होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आता मला ठाऊक असलेलं काहीच खरं राहिलं नाही बघ."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. काकांच्या डोक्यातला नकाशा अजून शाबूत होता, पण ज्याचा तो नकाशा तीच वास्तू गेली. आणि कागदावर तो कधीच उतरला नव्हता.

नाट्यगृह पुन्हा उभारायचं ठरल्यावर आमच्यात कायम चर्चा व्हायची ती दिवे कुठले असावेत याची. एलईडी हवेत, मूव्हिंग हवेत, बोर्ड अमुकच हवा. सगळं हवं, नाही कोण म्हणतं? पण माझी मागणी फार स्वस्त आहे. कुठल्याही नाट्यगृहाने आपला एक नकाशा ठेवावा. बार कुठे, पॉइंट कुठे, कुठल्या पॉइंटला कुठलं सर्किट, सगळं लेबलांसकट. कॅडची फाईल मागेल त्याला मिळावी, एक प्रिंट बोर्डाच्या खोलीत लावलेली असावी, आणि तेच नंबर वर बारवर रंगवलेले असावेत. काही बदललं की तिन्ही ठिकाणी बदलावं. नव्या दिव्यांना तर याची जास्तच गरज. जुन्या स्पॉटला एक डिमर दिला की काम भागायचं. आता एकेका दिव्याला दहा-पंधरा चॅनल लागतात आणि डीएमएक्सच्या एका लाईनवर जास्तीत जास्त ५१२ बसतात. सुरुवातीचा पत्ता एकाने चुकला तर रंग बदलायला जावं आणि दिव्याने मान वळवावी, अशी गत होते.

आणि हा नकाशा काकांसारख्यांना शेजारी बसवून काढावा. मी आता रात्री तेच करतोय, मावशी. काका आठवतील तसं सांगतात आणि मी जुन्या केशवरावचा नकाशा काढतोय. कामाचा नाही, कारण ते बार आता नाहीत. पण आमच्या पुढच्या मुलांना कळावं की चांगलं काम करणाऱ्याला रंगमंच कसा सोयीचा पडायचा. परवा एका जागी काका अडले. "हा पॉइंट बारा का तेरा?" म्हणून पाच मिनिटं छताकडे बघत बसले. मग म्हणाले, "तू तिथं प्रश्नचिन्ह टाक."

टाकलंय. यावेळी फाँटमुळे नाही.

असो. फार लांबलं. मावशी, पुढच्या नाटकात खुर्चीवरच बस, दिवा तिथेच पडेल. शिडी चढून मी स्वतः बघेन.